आईसाठी राखलेला शनिवार

पन्नाशी उलटल्यावर मी एक्सेल शिकले, आणि शिकले ती निव्वळ रागाने. धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी पेशंटचे नंबर लावायला बसते. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या काळात सगळं वहीत चालायचं. त्यांची मुलगी, म्हणजे आमच्या आताच्या मॅडम, खुर्चीवर बसल्या आणि माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आला. तो बसवायला आलेला माणूस माझ्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, तुमाले नाही जमणार हे." झालं! मी म्हटलं, थांब रे बाबा, तुलाच दाखवते. महिन्याभरात मी बेरजा करू लागले, रकाने रंगवू लागले. तो माणूस पुन्हा काही आला नाही, ते एक राहूनच गेलं.

नोंदी वर्षभराच्या झाल्या तेव्हा मॅडमनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "येत्या वर्षात कोणत्या दिवशी किती पेशंट येतील, असा एक अंदाज काढून द्या ना. त्यावरून जादा डॉक्टर कधी बोलवायचे, सुट्ट्या कोणाला कधी द्यायच्या, ते ठरवू."

"मॅडम, मी काय पोपटवाली आहे?" मी म्हटलं.

त्या हसल्या. मागच्या वर्षीचा आठवडा घ्यायचा, त्याच्या शेजारचे दोन आठवडे घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची, दवाखाना वाढतो आहे म्हणून त्यात थोडी भर घालायची. एवढंच. दही लावताना कालचं विरजण घ्यावं, तसं. मी घरी येऊन यांना सांगितलं. आमचे हे खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. ते म्हणाले, "त्यात काय वं नवल? उद्या किती वीज लागन, ते आमच्याकडे रोजच सांगा लागते." नवऱ्याला कशाचंच नवल वाटत नाही, हा माझा जुनाच अनुभव आहे.

पण मला वाटलं. दुपारी दोन ते चार दवाखान्यात कोणी नसतं. आतले दिवे मालवलेले असतात, कूलर घरघरत असतो, डोळ्यांत टाकायच्या औषधाचा वास खुर्च्यांना चिकटून असतो. त्या वेळात मी ती शीट उघडून बसायची आणि माझं भान हरपायचं. गर्दीचे दिवस मी लाल केले होते, मधले पिवळे, रिकामे निळे. बोटाने चाक फिरवत खाली खाली जावं, तर वर्षच्या वर्ष डोळ्यांपुढून वाहत जायचं. एखाद्या लाल आकड्यावर थांबले की तो उघडायचा. त्यातून उमरेडची एसटी यायची, तिच्यातून पदर सावरत बाया उतरायच्या, कोणाच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, कोणाच्या हातात भाकरीचं फडकं. पेरणीच्या दिवसांत आकडे उतरायचे. मला दिसायचं, सगळे डोळे शेतात गेलेत, आपल्याकडे कोण येणार! दिवाळी झाली की पुन्हा रकाने भरायचे. कोणी हाक मारली की मी दचकायची. कितीतरी वेळा चहा माझ्यासमोर गार होऊन गेला.

त्या शीटमध्ये सप्टेंबरच्या मध्यावर एक लांब निळा पट्टा होता. मागच्या वर्षी त्या पंधरा दिवसांत दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. शनिवार एरवी आमच्याकडे तुडुंब असतो, पण त्या पट्ट्यातला शनिवारसुद्धा निळा. तो शनिवार पाहिला आणि माझ्या मनात आलं, हा आईचा.

आई उमरेडला भावाकडे असते. आमचं घर विणकरांचं. आईने सारं आयुष्य मागावर काढलं; पातळाच्या काठातला एक धागा चुकला तरी तिला हातभर लांबून दिसायचा. त्याच डोळ्यांत काचबिंदू शिरला. तो चोरासारखाच शिरतो. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. उजवा डोळा गेला हे आम्हाला कळलं, तेव्हा तो पुरता गेलेला होता. डावा उरला. त्या डाव्यात रोज थेंब टाकायचे आणि ठरल्या वेळी त्याची मोठी तपासणी करायची, असं मॅडमनी बजावलं होतं. मागच्या वर्षी तपासणी केली तेव्हा डोळा ठणठणीत निघाला. या वर्षीची तपासणी पावसाळ्याच्या सुरुवातीला ठरली होती.

पण नेमका याच वर्षी धोंड्याचा महिना आला, आणि तोही श्रावणाचा. म्हणजे श्रावणच दोन. मी फोन केला की आई म्हणायची, "धोंड्यात डोळ्याले हात लावू नये वं पोरी." मी चिडायची. "आई, हे कोणी सांगितलं? डोळ्याला काय तिथी कळते?" तर म्हणे, "मले कळते नं." वर जावयाला मात्र तिने धोंड्याचं वाण द्यायला बोलावलंच. एका डोळ्याने पाहून तेहतीस अनारसे तळले. यांनी ते हूं की चूं न करता घेतले आणि वाटेत बसमध्येच खायला सुरुवात केली. धोंडा संपला तर खरा श्रावण लागला. तिचे सोमवार, तिचे शनिवार. मग म्हणाली, पोळा होऊ दे.

"पोळ्यानंतरचा शनिवार," मी म्हटलं. "आता बदलायचा नाही. त्या दिवशी दवाखाना रिकामा असतो. मी तुझ्याजवळ बसीन."

"तू? माह्याजवळ?" आई म्हणाली. तिला ते खरंच वाटेना.

तिचंही बरोबर होतं. इतक्या वर्षांत ती कितीदा दवाखान्यात आली, पण मी कधी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले नाही. मी टेबलाच्या या बाजूला, ती त्या बाजूला. मधे माणसांची भिंत. मला तो शनिवार स्वप्नात दिसू लागला. ओळीने रिकाम्या खुर्च्या, खिडकीतून येणारं पावसाळी ऊन, मी आणि आई एका बाकावर. तिने आणलेल्या सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, डब्यातून काढून आम्ही खातो आहोत आणि ती मला कोणाकोणाच्या घरच्या गोष्टी सांगते आहे, त्याच त्या, पुन्हा पुन्हा. तपासणीच्या खोलीत मी तिच्यासोबत आत जाते. कोणी हाक मारत नाही. काही नाही हो, एवढंच स्वप्न. पण ते मला दोन महिने पुरलं.

शनिवारी सकाळी मी जिन्याशी आले आणि थबकलेच. जिन्यावर माणसं बसलेली. पायरीपायरीवर. वर गेले तर खुर्च्या भरलेल्या, भिंतीला टेकून बाया उभ्या, दारात चपलांचा ढीग. "बाई, आमचा नंबर कवा लागन?" "बाई, आमी पहाटच्या गाडीनं आलो हो." "बाई, सोमवारी हरतालिका आहे, मंगळवारी गणपती बसते, मंग कोणी येते का? आजच पाहून घ्या." फोन तर ठणाणा वाजतच होता.

पहिला तासभर मला काही सुचलंच नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं नाव लिहून घेताना मी सहज विचारलं, "सगळे आजच कसे काय आले हो?" तो म्हणाला, "आता नाही येणार तं कवा? दोन महिने झाले, धोंडा म्हनू नको, सरावन म्हनू नको. आमच्या घरच्यांनं हलू देलं नाही. पोळा झाला, पाऊस झाला भोळा. निघालो."

मी लिहायचं थांबले. अवो बाप्पा! मागच्या वर्षी हे दिवस पितृपक्षातले होते. म्हणून दवाखाना ओस होता. पितरांच्या पंधरवड्यात डोळ्याला कोण शस्त्र लावून घेतं? या वर्षी धोंडा मधे शिरला आणि सगळे सण महिनाभर पुढे सरकले. माझ्या शीटला तारखा ठाऊक होत्या, तिथ्या नव्हत्या. त्यात दोन महिने अडवलेले डोळे पोळा फुटताच एकदम सुटले. आणि हे मला कळू नये? मला, जिच्या नवऱ्याने त्याच धोंड्याचे अनारसे बसमध्ये बसून हाणले! मला माझा इतका राग आला की मी त्या म्हाताऱ्यालाच ओरडले, "आधार कार्ड काढा, लवकर!" बिचाऱ्याने मुकाट्याने काढलं.

आई तेवढ्यात आली. भाऊ तिला दारात सोडून गाडी पकडायला गेला. पांढरं पातळ, हातात पिशवी, मान जरा वर केलेली. मी टेबलाआडून उभी राहून हात उंच हलवला. तिने पाहिलं नाही. मी पुन्हा हलवला. ती माझ्याच दिशेला तोंड करून उभी होती आणि तिने हात हलवला नाही. रागावली, मी म्हटलं. रिकामा दवाखाना म्हणून बोलावलं आणि ही जत्रा! कोणीतरी सरकून तिला बाकाच्या टोकाशी जागा दिली.

तो दिवस कसा गेला ते मला नीट आठवत नाही, तुकड्यातुकड्यांनी आठवतं. हात लिहीत होते, तोंड बोलत होतं, आणि माणसांच्या फटीतून मधेच आईचं पातळ दिसायचं, मधेच दिसायचं नाही. पाण्याखालून पाहावं तसं सगळं हलत होतं. एकदा दिसलं, तिने डबा उघडून शेजारच्या बाईच्या हातावर सांबारवडी ठेवली. एकदा तिचं नाव पुकारलं, तर ती म्हणाली, "या बाईले जाऊ द्या, हिले भिवापूरची गाडी आहे. माही पोरगी इथंच आहे, मले काय घाई?" पुन्हा पुकारलं, पुन्हा तिने कोणाला तरी पुढे सोडलं. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. मी तिथूनच ओरडले, "आई, जा नं वं आत!" सगळा दवाखाना हसला. आईही हसली, पण माझ्या आवाजाच्या जरा बाजूला पाहून.

दिवेलागणीला खुर्च्या रिकाम्या झाल्या. आईचा नंबर शेवटचा उरला होता. ही तपासणी अंधाऱ्या खोलीत होते. पांढऱ्या भांड्यासारख्या एका मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे टक लावायची, आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. कडेची नजर किती उरली आहे, ते त्यावरून कळतं. मशीनवरच्या ताई माझ्याच वयाच्या, दिवसभर उभ्या राहून त्यांचे पाय सुजले होते. त्यांनी आईला आत नेलं. मी बाहेर हिशेबाचे कागद आवरत होते. बटणाचा आवाज बाहेर येत होता. टक, टक, टक. मला हायसं वाटलं. इतकं दाबते आहे म्हणजे सगळं दिसतंय म्हातारीला.

थोड्या वेळाने मॅडम आणि ताई दोघी बाहेर आल्या. मॅडमच्या हातात कागद होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे धरता येणार नाही. आई उजेड नसतानाही बटण दाबून राहिल्या. तुम्ही आत जाऊन बसा त्यांच्याजवळ, नीट समजावा. पुन्हा करू."

मी आत गेले. अंधारात स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आई, उजेड नसला तरी बटण काहून दाबते?"

"नसते कुठं? येते नं. एक चमकला का मांगून दुसरा येतेच. अंदाजा लागते मले." तिचा अंगठा बटणावर तसाच होता. "मागावरचा धोटा या बाजूनं गेला का त्या बाजूनं येतेच, तो काय पाहा लागते?"

"पण तुला दिसतो का तो?"

आईने पदराने डोळा पुसला.

"आई, दिसतो का?"

"सगळे नाही दिसत," ती म्हणाली. "कमी दाबले तं डाक्टरीन म्हणन, हाही चालला. मंग तुले सुट्ट्या घ्या लागन, जावईबापूले धावा लागन. म्हणून म्हटलं, भरून टाकू."

मला रडूही आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. सकाळी हात हलवला तो तिला दिसलाच नव्हता. दिवसभर ती माझ्याकडे तोंड करून बसली होती ती माझा आवाज ऐकत. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामाने ओली होती.

"आता अंदाज नको करू," मी म्हटलं. "दिसला तरच दाब. नाही दिसला तर नको दाबू. माझी शपथ आहे तुला."

"शपथ कायले घालतं वं?"

"घातली."

तिने पुन्हा हनुवटी टेकवली. ताईंनी मशीन सुरू केलं. टक. मग टक. मग काहीच नाही. मशीन आतल्या आत बारीक घुरघुरत होतं, म्हणजे उजेड चमकत होते, एकामागून एक, कुठे कुठे. आणि बटण वाजत नव्हतं. मी अंधारात तिच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. आता दाबेल, मी म्हटलं. आता. आता तर नक्कीच. तिचा अंगठा एकदा हलला, थरथरला, आणि शपथ आठवून थांबला. मला वाटलं, आपणच तिच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून दाबून टाकावं. दाब ना वं आई, काहीही दाब. खोटं दाब. टक. मी श्वास सोडला. मग पुन्हा ती मोठी शांतता, जिला तळ नव्हता.

दिवा लागला तेव्हा आईने डोळे मिचकावले आणि शाळेतल्या पोरीसारखं विचारलं, "किती झाले?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तू दाबले तेवढे सगळे बरोबर होते, आई."

मॅडमनी कागदावर दाखवलं. वरचा भाग काळा होता, जवळजवळ सगळा. खालचा उजळ होता. थेंबांनी आता भागणार नव्हतं, डोळ्यातला दाब कमी करायचं ऑपरेशन लवकर करायला हवं होतं, खालचं तरी राखायला. त्या म्हणाल्या, "सोमवारी करू या?"

"सोमवारी हरतालिका," आई लगेच म्हणाली. "मंग महालक्ष्म्या येते घरी. त्यायच्यानंतर पाहू."

"सोमवारी," मी म्हटलं. "महालक्ष्म्यांना मी हात जोडून सांगते."

"लोकं काय म्हणतीन?"

"लोकांना म्हणावं, पोरीनं ऐकलं नाही."

ती माझ्याशी भांडली. जिन्यावरून उतरताना भांडली, ऑटोत भांडली, घरी पोचून यांच्यापाशी माझी तक्रार केली. हे सासूला म्हणाले, "मामी, माहंही ऐकत नाही ते." मग ती जेवली. सोमवारी सकाळी न बोलता तयार होऊन बसली होती, केस विंचरून.

खालचं राहिलं. वरचं गेलं ते परत आलं नाही, येतही नाही. आता आई बसलेली असली आणि समोर कोणी उभं राहिलं, तर तिला त्याचे पाय दिसतात, फार तर हात दिसतात. चेहरा पाहायचा तर तिला हनुवटी उचलावी लागते. पाहुण्यांना वाटतं, म्हातारी मोठ्या ताठ्याची आहे. मी उमरेडला गेले की पिशवी दारात ठेवते आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर बसते. तिथून मी तिला पूर्ण दिसते.